पाच आठवडे, तीन ठसे आणि ओला कागद : जपानमधील मोकुहांगा रेसिडेन्सीविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एचिंग (आम्लाने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छपाई) आणि लिनोकट (लिनोलियमवर कोरून छपाई) या माध्यमांत सात-आठ वर्षे काम केलेल्या एका मुद्राचित्रकाराची जपानमधील पाच आठवड्यांच्या मोकुहांगा रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तेथे राहून काम करण्याच्या कार्यक्रमासाठी, निवड झाली आहे. मोकुहांगा ही कोरलेल्या लाकडी ठशांवरून पाण्याच्या रंगांनी हाताने छापण्याची जपानी पद्धत. बारा ठशांचे (साधारणपणे प्रत्येक रंगाला वेगळा ठसा) एक मोठे रंगीत चित्र त्यांच्या मनात तयार आहे. ते तेथे कोरायचे, त्याच्या ३० प्रती काढायच्या आणि परतल्यावर प्रदर्शन भरवायचे, असा त्यांचा बेत आहे. हा बेत व्यवहार्य आहे का, सोबत काय न्यावे, जपानी येत नसेल तर कितपत अडते आणि एवढा वेळ व खर्च घालून हाती नेमके काय लागते, असे त्यांनी विचारले आहे. मी स्वतः अशाच एका रेसिडेन्सीत पाच आठवडे काढले, पुढे एकदा अडीच महिने जपानमध्ये राहून काम केले आणि त्यानंतर बहुतेक याच माध्यमात छापत आलो आहे. त्या आधारावर लिहितो.

बेत व्यवहार्य नाही. ठसा मध्यम आकाराचा असला तरी नवशिक्याला तो नीट कोरायला दोन ते तीन दिवस लागतात. बारा ठशांचा हिशेब तुम्हीच करा. कोरण्यातच महिना संपतो. समजा कोरीवकाम कसेबसे आटोपले, तरी १२ ठसे आणि ३० प्रती म्हणजे ३६० छाप झाले, आणि तेही एकही कागद वाया गेला नाही असे धरून. सुरुवातीच्या दिवसांत संपूर्ण दिवस बसून मला एका ठशाचे १५ छाप बरे म्हणता येतील असे मिळत नव्हते. पाच आठवड्यांतून रविवार, हातकागद बनवणाऱ्या गावाची एखादी भेट, हत्यारांना धार लावण्यात गेलेले दिवस आणि शेवटची आवराआवर वजा केली की कामाचे २४-२५ दिवस उरतात. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की तळहाताच्या दुप्पट आकाराचे, तीन ठशांचे एकच साधे चित्र घेऊन जावे आणि तेच चित्र परत परत छापावे. हे ऐकायला फार कंजूषपणाचे वाटते, हे मला ठाऊक आहे. मलाही तेथील शिक्षकांनी हेच सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते.

एचिंगमधून येणाऱ्या माणसाला हा सल्ला का पटत नाही, याचे कारण माध्यमाच्या स्वभावात आहे. एचिंगमध्ये प्लेट तयार झाली की निम्म्याहून अधिक लढाई जिंकलेली असते. शाई भरणे आणि पुसणे हे कौशल्याचे काम असले तरी दाब प्रेस देते आणि तो दाब प्रत्येक वेळी तेवढाच असतो. मोकुहांगामध्ये प्रेस नाही. रंग तेलात नाही, पाण्यात कालवलेला असतो. तो रोलरने नव्हे, तर ब्रशने ठशावर पसरायचा असतो. दाब तुमच्या खांद्यातून हाताच्या तळव्यात आणि तळव्यातून बारेन नावाच्या चपट्या गोल साधनात उतरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रंग कागदाच्या पृष्ठभागावर बसत नाही, तो तंतूंच्या आत शिरतो. चांगल्या छापाची मागची बाजू पाहिली तर तेथेही रंग झिरपलेला दिसतो. यामुळे ठसा हा या कामाचा जेमतेम एकतृतीयांश भाग ठरतो. उरलेले सगळे कागदाची ओल, रंगाचे पाणी, खळीचे प्रमाण आणि हात यांच्या मेळावर अवलंबून असते, आणि तो मेळ दर तासाला बदलत असतो.

कोरीवकामापुरते मात्र तुमचे लिनोकट काही प्रमाणात कामाला येईल, पण सवयी बदलाव्या लागतील. लिनोमध्ये आपण हत्यार पुढे ढकलतो. येथे रेषा कापायचे मुख्य हत्यार म्हणजे हांगितो हा एका बाजूने धार लावलेला चाकू. तो मुठीत धरून स्वतःकडे ओढायचा असतो, आणि दुसऱ्या हाताचे बोट पात्याला दिशा देत असते. रेषेच्या दोन्ही अंगांना पाते थोडे बाहेर कलते ठेवून काप घ्यायचे, म्हणजे रेषेचा पाया रुंद राहतो आणि दाबाखाली ती तुटत नाही. मग गोल पटाशीने आणि लाकडी हातोडीने भोवतालचे लाकूड काढायचे. परंपरेने ठसा डोंगरी चेरीच्या, म्हणजे यामाझाकुराच्या फळीचा असे. ते लाकूड इतके घट्ट असते की केसाएवढी रेषाही टिकते. शिकणाऱ्यांना बहुधा शिना प्लायवुड देतात. ते मऊ आहे, स्वस्त आहे आणि चूक माफ करते. पहिल्या आठवड्यातील निम्मा वेळ माझा पाणदगडावर धार लावण्यात गेला, आणि तो वाया गेला असे मला तेव्हा वाटत होते. बोथट चाकूने कोरलेल्या रेषेची कड छापल्यावर केसाळ दिसते, हे आधी कोणीतरी सांगून समजत नाही. ते स्वतःच्या छापात पाहावे लागते.

जुळणीविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझी पहिली मोठी फजिती तेथेच झाली. पाश्चात्त्य पद्धतीत रंगांची जुळणी बऱ्याचदा प्रेसच्या पाटावर खुणा करून होते. जपानी पद्धतीत खूण ठशातच कोरलेली असते. तिला केंतो म्हणतात. ठशाच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला काही अंतरावर दुसरी सरळ खाच, एवढीच ती व्यवस्था. कागदाचा कोपरा पहिल्या खाचेत टेकवायचा, कड दुसरीला लावायची आणि मग कागद हळूच सोडायचा. मुख्य, म्हणजे रेषांच्या ठशाचा छाप पातळ कागदावर केंतोसकट काढून तो कोऱ्या फळीवर उलटा चिकटवायचा आणि त्यावरून रंगांचे ठसे कोरायचे, म्हणजे सर्व ठशांत खाचा एकाच जागी येतात. ही युक्ती इतकी साधी आणि पक्की आहे की १७६५ मध्ये चित्रकार सुझुकी हारुनोबु यांच्या चित्रांपासून बहुरंगी छपाईने जो जोर धरला, तो अशा जुळणीवाचून शक्यच नव्हता. मी काय केले, तर दोन रंगांच्या ठशांवर खाच रेषेच्या आतल्या बाजूऐवजी बाहेरच्या बाजूने कोरली. फरक मिलिमीटरभराचा. छापताना निळा रंग प्रत्येक कागदावर डावीकडे सरकू लागला आणि मी दोन दिवस कागदाला दोष देत राहिलो. शेवटी शिक्षकांनी ठसा उचलून खिडकीपाशी नेला, खाचेत नख फिरवले, लाकडाची एक बारीक चीप खळ लावून खाचेत बसवली आणि ती सुकल्यावर नव्याने सरळ कापली. सगळे मिळून वीस मिनिटांचे काम. खाच अशी दुरुस्त करता येते, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते.

आता कागदाकडे येतो, कारण माझ्या मते पाच आठवड्यांत शिकण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती ओल. मोकुहांगाचा कागद कोझोच्या, म्हणजे कागदी तुतीच्या सालीच्या लांब तंतूंचा असतो. पाण्याचा रंग त्यात शाई फुटावी तसा पसरू नये म्हणून त्यावर सरस आणि तुरटी यांच्या पाण्याचा हात दिलेला असतो. या प्रक्रियेला दोसा म्हणतात. छपाईच्या आदल्या दिवशी रुंद ब्रशने एकाआड एक कागदावर पाणी फिरवून सगळी गड्डी एकावर एक रचायची, प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आणि वर फळी ठेवून रात्रभर सोडायची. सकाळपर्यंत ओल सर्व कागदांत सारखी मुरते. कागद ओला दिसता कामा नये. तो गार लागला पाहिजे. आमचे शिक्षक गड्डीतला मधला कागद काढून गालाला लावून पाहत. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला ती एक लकब वाटली, पण बोटांच्या टोकांना तोपर्यंत इतके घट्टे पडलेले असतात आणि ती सतत ओली असतात, की गालाएवढी भरवशाची जागा दुसरी उरत नाही.

ओल कमी असेल तर रंग कागदात शिरत नाही आणि पांढरे ठिपके राहतात. जास्त असेल तर रंग कडेबाहेर पसरतो, रेषा सुजतात. त्यातच कागद ओला झाला की वाढतो आणि सुकला की आखडतो. तीन रंगांपैकी पहिला सकाळच्या ओलीत आणि तिसरा दुपारच्या सुकत्या कागदावर छापला, तर केंतो कितीही अचूक कोरलेला असो, रंग जुळत नाहीत. म्हणून छापलेला कागद लगेच ओल्या गड्डीत परत ठेवायचा आणि तिन्ही रंग संपेपर्यंत ओल सांभाळायची. थंडीच्या कोरड्या दिवसांत खोली तापवणाऱ्या यंत्राने कागद अर्ध्या तासात कडक होतो. जूनमधल्या पावसाळी दिवसांत तोच कागद संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. मी गेलो तेव्हा दोन्हींच्या मधला काळ होता आणि सकाळ-दुपारचा फरक एवढा असे की दुपारच्या जेवणानंतर आम्ही सर्वजण नव्याने नवशिके होत असू.

एक दिवस मला अगदी लख्ख आठवतो. तिसरा आठवडा चालू होता. माझ्या चित्रातील आकाशाचा सपाट करडा रंग काही केल्या सपाट येत नव्हता. शिक्षक पाठीमागच्या टेबलाशी दुसऱ्या कोणाचा ब्रश पाहत होते, त्यांचे तोंडही माझ्याकडे नव्हते, ते तेथूनच म्हणाले, "कोरडा." मी छाप उचलला तर खरोखरच त्यावर दाणे होते. पुढचा कागद लावला, बारेन फिरवले, आणि पुन्हा पाठीमागून आवाज आला, "आता पाणी जास्त." ते बारेनचा आवाज ऐकत होते. कागद कोरडा असला की बारेनखाली तो तीक्ष्ण खसखसतो, ओल बरोबर असली की आवाज खाली येतो आणि एकसारखा राहतो, आणि पाणी जास्त झाले की आवाज जवळपास नाहीसा होऊन हाताला चिकटपणा लागतो. त्या दिवसानंतर मी छापताना गाणी ऐकणे बंद केले. हे वाक्य गमतीचे वाटेल, पण पाच आठवड्यांतील माझी सर्वांत मोठी कमाई कोणती असे कोणी विचारले तर मी हीच सांगतो.

रंग आणि खळ यांविषयी थोडक्यात. ठशावर लहान ब्रशने पाण्यात कालवलेला रंग ठेवायचा, शेजारी तांदळाच्या खळीचा वाटाण्याएवढा थेंब ठेवायचा आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने दोन्ही एकत्र पसरवून शेवटचे हात हलके व एका दिशेने मारायचे. खळीमुळे रंगाला अंग येते आणि तो एकसारखा बसतो. खळ मुद्दाम वगळली आणि दाब हलका ठेवला की तिळासारखे दाणे उमटतात. त्याला गोमाझुरी म्हणतात आणि तो दोष नसून एक रीतसर परिणाम आहे. माझे आकाश शेवटी मी गोमाझुरीनेच छापले, आणि तो निर्णय कलात्मक होता असे मी बराच काळ सांगत असे. ब्रशची टोके शार्कच्या कातडीवर घासून मऊ करावी लागतात, नाहीतर ठशावर ब्रशचे ओरखडे राहतात आणि तेच कागदावर उतरतात. बोकाशी, म्हणजे गडद रंगाकडून फिक्याकडे उतरत जाणारी छटा, ब्रशच्या एका बाजूला रंग आणि दुसऱ्या बाजूला पाणी घेऊन ठशावरच तयार करायची असते. चित्रकार हिरोशिगे यांच्या १८५६ ते १८५८ या काळातील एदो शहराच्या (आजचे टोकियो) दृश्यमालिकेत आकाशाच्या वरच्या कडेला दिसणारा गडद पट्टा याच पद्धतीचा. ती छटा प्रत्येक प्रतीसाठी नव्याने तयार होते, ठशात ती कोरलेली नसते. हे कळल्यावर जुन्या छापचित्रांकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

बारेनवर लोक फार खर्च करतात, तेव्हा सावध करतो. खरे बारेन, ज्याला होन-बारेन म्हणतात, त्यात बांबूच्या कोंबावरील आवरणाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दोरीचे वेटोळे असते, त्यामागे कागदाचे थर चिकटवून लाखेने घट्ट केलेली तबकडी असते आणि सगळ्यावर बांबूचे तेच आवरण ताणून मागे मूठ बांधलेली असते. ते बनवणारे कारागीर थोडे आहेत आणि किंमत त्या प्रमाणात आहे. शिकताना मध्यम प्रतीचे बारेन पुरते. त्याऐवजी फाटलेले आवरण बदलून नवे बांधायला शिका. ते ओलवून, ताणून, पिळून मूठ बांधण्याचे काम मला पंधरा-वीस प्रयत्नांनंतर जमले, आणि ज्याला ते जमत नाही त्याचे बारेन परत आल्यावर सहा महिन्यांत कपाटात जाऊन पडते.

दुसरी फजिती बुरशीची. चौथ्या आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने ४० कागद ओलवले, त्यातले १५ वापरले आणि उरलेली गड्डी प्लास्टिकमध्ये गुंडाळून शनिवार-रविवार तशीच ठेवली. सोमवारी उघडली तर कडांवर गुलाबी-करडे ठिपके. ओलवलेला कागद दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर गड्डी फ्रीजरमध्ये ठेवतात आणि वापरण्याआधी हळूहळू वितळू देतात, हे सामायिक स्वयंपाकघरातील फ्रीजरवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलेसुद्धा होते. मी ती चिठ्ठी रोज पाहत होतो. जपानी येत नसल्यामुळे ती मटारविषयी आहे असे मी धरून चाललो होतो.

भाषेचा प्रश्न येथेच निकाली काढतो. कार्यशाळेत बोलण्याने फारसे अडत नाही, कारण शिक्षण हाताने होते, आणि परदेशी कलावंतांसाठीच्या कार्यक्रमांत इंग्रजी बोलणारे कोणीतरी असतेच. पण हत्यारांची, कागदांची आणि क्रियांची जपानी नावे मात्र जाण्यापूर्वी पाठ करावीत. तेथे कोणी तुम्हाला 'तो वाकडा छोटा पटाशीसारखा' असे म्हणणार नाही, 'आइसुकी' म्हणेल. नाव कळले की वस्तू हातात येते. आणि चिठ्ठ्यांचे फोटो काढून त्यांचा अर्थ विचारावा.

तीन ठशांच्या सल्ल्याकडे परत येतो, कारण त्यामागे केवळ वेळेचे गणित नाही. जपानी मुद्राचित्रकार हिरोशी योशिदा यांनी १९२६ मध्ये सेतो अंतर्गत समुद्रातील शिडांच्या होड्यांचे एक चित्र केले आणि मुख्यतः त्याच ठशांवर रंग बदलून सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या वेळा छापल्या. त्या एकाशेजारी एक पाहिल्या की छपाई म्हणजे नक्कल काढणे ही आपली समजूत किती तोकडी आहे ते कळते. ठसा तोच राहतो, चित्र बदलते. तुमचे तीन ठसे कोरून झाले की दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून तुमच्याकडे छापण्यासाठी तीन आठवडे असतील. मग एक दिवस फक्त पाणी कमी-जास्त करून पाहा, एक दिवस खळ, एक दिवस तीन वेगवेगळे कागद. एकाच रंगाचा ठसा दोनदा, तीनदा चढवून खोली किती येते ते पाहा. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने तारीख, रंगाचे प्रमाण, ओलवल्याची वेळ आणि त्या दिवशीचे हवामान लिहा. माझ्या बारा ठशांपैकी (होय, माझेही बाराच होते) सात कोरून झाले आणि त्यांतले चार छापले गेले. ते चित्र आजही अपुरे आहे. उलट शेजारच्या टेबलावर एक वयस्क सहकारी पानाएवढे एकच चित्र पाच आठवडे छापत होत्या. त्यांच्या भिंतीवरचे साठेक छाप मी शेवटच्या दिवशी ओळीने पाहिले, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या शिकून निघाल्या आहेत आणि मी केवळ राबलो आहे.

कौशल्याच्या वाटणीविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक हे चार वेगळे लोक असत; चित्रकार होकुसाई यांचे लाटेचे प्रसिद्ध चित्र त्यांनी रेखाटले, पण कोरले आणि छापले इतरांनी. स्वतःच रेखाटावे, स्वतःच कोरावे, स्वतःच छापावे हा आग्रह विसाव्या शतकातील सोसाकु हांगा चळवळीचा, आणि यामामोतो कानाए यांचे १९०४ मधील मच्छीमाराचे छोटे चित्र तिचा आरंभ मानला जातो. रेसिडेन्सीत येणारे आपण सर्वजण या दुसऱ्या वाटेचे वारस असतो, तर शिकवणारे गुरू बऱ्याचदा पहिल्या वाटेचे, म्हणजे अनेक वर्षे फक्त कोरण्यात किंवा फक्त छापण्यात घालवलेले असतात. त्यामुळे छापणारा शिक्षक तुमच्या रेखाटनावर काही बोलला नाही, तर तो रुक्षपणा समजू नये. ती त्याच्या दृष्टीने तुमची हद्द असते. आणि त्याने तुमच्या हातातून बारेन घेतले तर निमूट बाजूला होऊन त्याच्या कोपराकडे पाहावे. मनगट जवळजवळ स्थिर असते, हे तेव्हाच दिसते.

निवड झालीच आहे, तरी आयोजकांना एक प्रश्न आताच विचारून ठेवा: शिक्षक कार्यशाळेत नेमके किती दिवस असतील? रेसिडेन्सी या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. अमेरिकेतील टॅमरिंड ही लिथोग्राफीची (सपाट दगडावरून छपाईची) कार्यशाळा, जी १९६० मध्ये जून वेन यांनी लॉस एंजेलिसला सुरू केली आणि १९७० पासून अल्बुकर्की येथे न्यू मेक्सिको विद्यापीठात आहे, तेथे कलावंत निपुण लिथोग्राफरबरोबर काम करतो आणि छापतो तो लिथोग्राफर. बेल्जियममध्ये कास्टरली येथील फ्रान्स मासेरील केंद्रासारख्या ठिकाणी प्रेस, जागा आणि तांत्रिक मदत मिळते, दिशा तुमची तुम्ही ठरवता. मोकुहांगाचे कार्यक्रम बहुधा प्रशिक्षणाचे असतात. १९९७ पासून आवाजी बेटावर नागासावा आर्ट पार्क या नावाने चाललेल्या आणि पुढे फुजी पर्वताजवळ कावागुची सरोवरापाशी नव्याने उभ्या राहिलेल्या परंपरेने त्यांना ते रूप दिले. पण सगळेच तसे नसतात. माझ्या दुसऱ्या खेपेला ज्या ठिकाणी मी गेलो, तेथे निपुण कारागिराचे मार्गदर्शन असे ठळक लिहिले होते आणि प्रत्यक्षात ते कारागीर अडीच महिन्यांत दोन दुपारी आले. मला तोवर स्वतः छापता येत होते म्हणून निभावले. शिकायला आलेल्या दोघांचे हाल झाले.

सोबत काय न्यावे, याचे उत्तर माझ्या यादीतून वस्तू कमी होत होत आता फार छोटे झाले आहे. लाकूड नेऊ नका, कागद नेऊ नका, हत्यारे तेथेच घ्या, म्हणजे धार लावण्याची पद्धत त्याच हत्यारांवर शिकाल. हत्यारे परत आणताना सामानाच्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत चाकू चालत नाहीत. रंग म्हणून तुमच्या सवयीचे उत्तम प्रतीचे वॉटरकलर किंवा गॉशच्या (अपारदर्शक जलरंगाच्या) चार-पाच नळ्या न्या. माध्यम नवे असताना रंग तरी ओळखीचे असावेत. चित्राचे रेखाटन खऱ्या आकारात, पातळ कागदावर, स्वच्छ रेषेत तयार करून न्या. हे न केल्यामुळे आमच्यातील एकाचे चार दिवस खिडकीपाशी पेन्सिल चावण्यात गेले. आणि मांडी घालून किंवा ठेंगण्या बाकापाशी दिवसभर बसण्याची सवय जाण्यापूर्वी महिनाभर करा. दाब खांद्यातून आणि पाठीतून यायचा असतो. पाठ दुखू लागली की मनगट काम करू लागते आणि मनगटाचा छाप लगेच ओळखू येतो.

मग हाती काय लागते? पाच आठवड्यांच्या अखेरीस माझ्याकडे लोकांना दाखवण्याजोगे छाप ११ होते. त्यांवर प्रदर्शन भरले नसते आणि मी ते भरवलेही नाही. त्या काळात केलेले चित्र म्हणून मी त्यांतले दोन जपून ठेवले आहेत, बाकीचे आता मला पाहवत नाहीत. पण परतल्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, एका संध्याकाळी छापत असताना माझा हात आपोआप थांबला, कारण आवाज बदलला होता. कागद हातात घेण्याआधीच मला कळले की तो कोरडा पडला आहे. रेसिडेन्सीचा खर्च त्या संध्याकाळी वसूल झाला असे मी मानतो. परतल्याबरोबर प्रदर्शनाची तारीख बांधून घेण्याचा तुमचा विचार म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. निधी देणाऱ्या संस्थेला काही दाखवायचे असेल, तर छापांच्या मागच्या नोंदींसकट सगळे कागद क्रमाने मांडून दाखवा. ते पाहणाऱ्या जाणकाराला तयार चित्रांपेक्षा अधिक सांगून जातात, असा माझा अनुभव आहे.

शेवटी बांधाबांध. छाप पुठ्ठ्यांच्या मध्ये टीपकागद घालून, रोज टीपकागद बदलत, फळीखाली किमान दोन-तीन दिवस सुकवा, म्हणजे शेवटचा छाप निघण्याच्या दिवसाच्या तीन दिवस आधी काढलेला असला पाहिजे. कोझोचा कागद गुंडाळी करून नळीत नेला तरी नंतर सपाट होतो, त्यामुळे मोठ्या सपाट खोक्याचा अट्टहास नको. ठसे मात्र ओले असताना मुळीच बांधू नका. ते धुऊन, उभे करून, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे ठेवा, आणि मगच वर्तमानपत्रात गुंडाळा. माझे सातही ठसे मी घाईत प्लास्टिकमध्ये गुंडाळले होते. घरी येऊन उघडले तेव्हा दोन वाकले होते आणि एकाचे थर सुटले होते.